एकाच वयाचे शहर

ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली वाहतुकीला खुला झाला. तो ओलांडून पलीकडे संसार मांडायला निघालेल्यांत साठीच्या पुढची माणसे अगदी मोजकी होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. सरकारने ती उचलली आणि १७ मार्च १९७० रोजी शहर उभारणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरे आणि खाजण मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा टापू नवी मुंबई या नव्या शहरासाठी अधिसूचित झाला. कागदावर नोड (उपनगरे) पडले, नोडमध्ये सेक्टर पडले. शाळेला भूखंड, बाजाराला भूखंड, मैदानाला भूखंड, असे सगळे त्या आराखड्यात होते. म्हातारपणासाठी वेगळा भूखंड राखायचे कुणाच्या मनातही आले नसावे, कारण येणारी माणसे तिशीतली होती.

मंत्रालयातले आणि बँकांतले कर्मचारी आले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या नोसिलसारख्या कारखान्यांतले कामगार आले. घाऊक बाजार मशीद बंदरातून वाशी-तुर्भ्याला हलले, तसे पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार त्यांच्यामागोमाग कोपरखैरणे आणि घणसोलीत राहायला आले. यांचे आईवडील मात्र गिरगावात, परळच्या चाळीत, नाही तर साताऱ्या-रत्नागिरीच्या गावी. वाशीच्या ब्लॉकमध्ये ते पाहुणे म्हणून यायचे, चार दिवस राहायचे आणि इथे बोलायलासुद्धा कुणी नाही म्हणून परत जायचे.

पिढ्या एकत्र नांदत होत्या त्या मूळ गावांत. दिवाळे, सारसोळे, करावे, जुहूगाव, घणसोली इथल्या आगरी-कोळी घरांत आजी-आजोबा ओटीवर बसलेले असत. जमिनीच्या मोबदल्यासाठी याच गावांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. त्या काळात मोर्चात चालणारे तरुण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. सेक्टरमधली माणसेही आता त्याच वयाची झाली आहेत.

नवी मुंबईची खरी कथा इथून सुरू होते. जुन्या गावात माणसे टप्प्याटप्प्याने म्हातारी होतात. एक पिढी थकते तेव्हा दुसरी कर्ती असते आणि तिसरी अंगणात खेळत असते. नियोजन करून वसवलेल्या शहरात एकाच वयाची माणसे एकाच दशकात राहायला येतात, एकदमच निवृत्त होतात आणि एकदमच जिना चढताना धापा टाकू लागतात. सिडकोने बांधलेल्या इमारती बहुतेक चार मजली, बिनलिफ्टच्या. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या ‘जेएन-१’, ‘जेएन-२’ इमारतींचे स्लॅब गळू आणि कोसळू लागले, म्हणून त्यांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. त्या चर्चेत चटईक्षेत्रावर जितके बोलले गेले, तितके जिन्यांवर बोलले गेले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईला दिवसातून किती वेळा खाली उतरता येते, यावर तिचे स्वावलंबन ठरते. त्यानंतर तिच्या हातातल्या फोनचा विचार.

कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये, १९८० च्या दशकात, सात-सात घरांची वर्तुळे करून मधे सामाईक अंगण ठेवले. कुटुंब वाढेल तसे घर वाढवता यावे, अशी त्यांची मांडणी होती. ती कल्पना मोठी होती यात शंका नाही. पण कुटुंब आटत गेले तर काय, मुले निघून गेली आणि दोनच माणसे मागे उरली तर घराने काय करावे, याचे उत्तर त्या काळच्या कोणत्याच नकाशात नव्हते. अंगण तेवढे उपयोगी पडले. समोरच्या घराचे दार सकाळी उघडले नाही, तर ते सहा घरांना दिसते.

मुले का गेली, हेही शहराच्या इतिहासातच आहे. वाशीपर्यंतची रेल्वे ९ मे १९९२ रोजी सुरू झाली. तिच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. त्याच वर्षी १ जानेवारीला महापालिका अस्तित्वात आली होती. स्टेशनाच्या डोक्यावर इन्फोटेक पार्क उभे राहिले, महापेत मिलेनियम बिझनेस पार्क आले, कोपरखैरण्यात धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी आली. ज्या घरांत वडील रोज हार्बर लाइनने व्हीटीला जात होते, त्या घरांतली मुले संगणक शिकली आणि बंगळुरू, न्यू जर्सी, सिंगापूरला पोचली. शहराने आपल्या मुलांना जे शिकवले, त्याच्याच जोरावर ती दूर गेली आणि ज्या तारेवरून गेली, त्याच तारेवरून आईवडिलांशी बोलू लागली.

ही तार आधी अगदी साधी होती. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा टेलिफोन १ एप्रिल १९८६ पासून एमटीएनएलकडे आला, पण घरात फोन येण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग सेक्टरच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून जेवणे आटोपून लोक तिथे रांग लावत. काचेच्या खोक्यात माणूस बोलत असे, डोक्यावर लाल आकडे पळत असत आणि बोलणाऱ्याची नजर त्या आकड्यांवरून हलत नसे. परदेशातल्या मुलाची विचारपूस दोन-तीन मिनिटांत उरकावी लागे. आजच्या ऐंशीच्या घरातल्या अनेकांना फोनवर भराभर बोलून पटकन ठेवायची सवय आहे. तिचे मूळ या बूथमध्ये आहे.

संगणकाशी त्यांची ओळख थोडी उशिरा झाली आणि ती मुख्यतः महाराष्ट्राच्याच एका उपक्रमातून झाली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने २००१ मध्ये ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरला, त्यामुळे तालुक्यातालुक्यात वर्ग निघाले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे कारकून, शिक्षक, तलाठी वीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकले. नवी मुंबईतल्या घराघरांत नंतर जे आजोबा नातवाला ई-मेल लिहू लागले, त्यांतल्या कित्येकांचा पाया त्या वर्गांत घातला गेला होता. मराठी टंकलेखनाचा मात्र जाच होता. एका फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्या संगणकावर चौकोन आणि चिन्हांच्या रूपात उमटे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. या संस्थेचे एक केंद्र खारघर स्टेशनासमोर आहे. युनिकोड रुळले, मग फोनवर बोटाने किंवा नुसते बोलून मराठी उमटू लागले, आणि इंग्रजीच्या धाकाने दूर राहिलेल्या बायका या जगात शिरल्या. उपकरण कितीही चांगले असो, ते आपल्या भाषेत बोलत नसेल तर म्हाताऱ्या माणसाला ते परक्याचेच वाटते.

याच काळात ज्येष्ठ नागरिक संघ वाढले. महाराष्ट्रातल्या संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ आधीपासून काम करत होता. केंद्राचे वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये आले, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपले धोरण जाहीर केले. नवी मुंबईत या संघांनी महापालिकेकडे जागा मागितल्या आणि नोडोनोडी विरंगुळा केंद्रे उभी राहिली. आराखड्यात नसलेली वास्तू नागरिकांनी मागून घेतली, ही या शहराच्या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे. वर्तमानपत्रे, कॅरम, हास्यक्लब, वाढदिवस, रक्तदाब तपासणी एवढ्यासाठी निघालेल्या या खोल्या पुढे आपसूक फोन शिकण्याच्या शाळा झाल्या. घरी मुलाला किंवा नातीला विचारले की ती हातातून फोन घेते, भराभर चार ठिकाणी बोट टेकवते आणि ‘झालं’ म्हणून परत देते. केंद्रातला समवयस्क तसे करत नाही. तोही नुकताच शिकलेला असतो, त्यालाही चष्मा लागतो, तो तीनदा सांगतो.

या सगळ्या इतिहासात एका कागदाची हकीकत सविस्तर सांगायला हवी. तो कागद म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शन चालू ठेवायची तर आपण जिवंत आहोत हे पेन्शनराने दरवर्षी सिद्ध करायचे, हा नियम इंग्रजी अमलापासूनचा. आधी कोषागारात, पुढे बँकेत, नोव्हेंबर महिन्यात स्वतः जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची. नोव्हेंबर आला की वाशीच्या आणि नेरूळच्या बँकांसमोर सकाळपासून रांगा लागत. हातात पासबुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन आदेशाची, झेरॉक्स, बरोबर सून किंवा शेजारी, पायरीवर टेकलेले कुणी. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बँकेत विनंत्या कराव्या लागत. दाखला राहिला तर पेन्शन थांबे आणि ती पुन्हा सुरू करताना महिने जात. आयुष्यभर सरकारी वेळ पाळलेल्या माणसाला स्वतःच्या जिवंतपणाचा पुरावा घेऊन रांगेत उभे करणे, ही साधी गैरसोय नव्हती. तो अपमान होता, आणि अनेकांना तो तसाच वाटे.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्राने ‘जीवन प्रमाण’ सुरू केले. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, बोटाचा ठसा आणि दाखला थेट पेन्शन देणाऱ्या कार्यालयात. आधारची सुरुवातही महाराष्ट्रातलीच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली कार्डे दिली गेली. कागदावर योजना उत्तम होती. प्रत्यक्षात ती बोटाच्या टोकावर अडली. वय वाढते तशी कातडी पातळ आणि कोरडी होते, ठशाच्या रेषा पुसट होतात. ज्यांनी आयुष्यभर पोती उचलली, मीठ ओढले, रसायनांच्या कारखान्यात काम केले, जाळी ओढली, त्यांच्या बोटांवर तर रेषा फारशा उरतच नाहीत. यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा लागायचा, बोट पुसून पुन्हा ठेवायचे, मग दुसरे बोट, मग तेल किंवा क्रीम लावून पुन्हा. ज्यांनी हे शहर हाताने उभे केले, त्यांचे हात यंत्राने ओळखायला नकार दिला. कष्टाने झिजलेल्या बोटांचा विचार आधी व्हायला हवा होता.

दुरुस्ती व्हायला सात वर्षे लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. साध्या अँड्रॉइड फोनचा कॅमेरा पुरतो. फोन समोर धरायचा, चेहरा गोलात आणायचा, पापण्यांची उघडझाप करायची, संदेश येतो. त्याआधी २०२० पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने घरपोच दाखल्याची सेवा सुरू केली होती. पोस्टमन यंत्र घेऊन दारात येतो, शुल्क ७० रुपये. सरकारी पेन्शनराला ते जड नाही, पण कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतल्या माणसाचा विचार करावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांत या योजनेवर अवलंबून असलेले पुष्कळ आहेत. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि तिथेच थांबली आहे. त्यातून ७० रुपये द्यायचे म्हणजे दोन दिवसांची पेन्शन गेली. भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०२५ मध्ये हा खर्च स्वतःकडे घेण्याचे ठरवले, ते योग्यच झाले. त्याआधी २०२० मध्ये तिने नोव्हेंबरची सक्तीही काढली. या योजनेचे पेन्शनर दाखला वर्षात केव्हाही देऊ शकतात आणि तो तिथून बारा महिने चालतो. नोव्हेंबर २०२४ च्या देशव्यापी मोहिमेत दीड कोटींहून अधिक डिजिटल दाखले तयार झाले. वृद्धांसाठी केलेल्या कोणत्याही खास यंत्रापेक्षा या एका दुरुस्तीने भारतातल्या म्हाताऱ्या माणसाला अधिक मोकळे केले, असे म्हणायला जागा आहे.

फोन स्वस्त झाला तोही याच शहरातून. घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये मुख्यालय असलेल्या जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली आणि दोन-अडीचशे रुपयांना मिळणारा एक जीबी डेटा नगण्य किमतीला आला. पुढच्या वर्षी बटणांचा जिओफोन निघाला. काचेवर बोट फिरवायला बिचकणाऱ्या माणसाला ओळखीची बटणे मिळाली आणि २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲपही आले. न्यू जर्सीतल्या नातवाचा चेहरा आता रोज दिसू लागला. अकरा वाजेपर्यंत थांबून तीन मिनिटे बोलणाऱ्या पिढीला एक तास फुकट बोलता येऊ लागले. हा बदल किती मोठा होता, हे एसटीडी बूथच्या रांगेत उभे राहिलेल्यांनाच नीट उमगेल.

जिओ सुरू झाले त्याच वर्षी, २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदी झाली आणि बँकांपुढच्या रांगांत म्हातारी माणसे तासन्‌तास उभी राहिली. यूपीआय एप्रिलमध्येच सुरू झाले होते, ३० डिसेंबरला ‘भीम’ ॲप आले. शिकण्याची ही रीत निर्दय होती. पण हळूहळू ती अंगवळणी पडली. दिवाळ्याच्या मासळी बाजारात टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसू लागला. २०१९ च्या सुमारास बोलणारी छोटी पेटी आली, तेव्हा कोळीणीला गिऱ्हाइकाच्या फोनवरचे हिरवे चिन्ह वाचत बसायची गरज उरली नाही. हात बोंबिलांच्या पाण्यात असतात आणि पेटी मोठ्याने मराठीत सांगते, इतके रुपये जमा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपल्या पैशाची खात्री आपल्या कानाने करता येते. बाजारात पंचेचाळीस-पन्नास वर्षे बसलेल्या बाईने सत्तरीत स्वतःचा धंदा स्वतः चालवावा, यासाठी याहून नेमके साधन क्वचितच कुणी केले असेल. गंमत म्हणजे ती पेटी म्हाताऱ्यांसाठी बनवलेली नव्हती.

जगात खास म्हाताऱ्यांसाठी बनवलेली यंत्रे पुष्कळ आहेत. अमेरिकेत अँड्र्यू डिबनर यांनी १९७४ च्या सुमारास गळ्यात अडकवायच्या इशारा-बटणाची सेवा उभी केली. पडलेल्या माणसाने बटण दाबले की मदत केंद्रात घंटा वाजते. जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये चहाच्या पाण्याची इलेक्ट्रिक किटली काढली. एकटी राहणारी आई दिवसात किती वेळा पाणी काढते, याची नोंद ती दूरच्या मुलाला ई-मेलने कळवते. आई चहा पिते आहे, म्हणजे ठीक आहे. कल्पना सुरेख आहे, कारण ती आईला रोगी ठरवत नाही. पण नवी मुंबईत हे काम अजून दूध पिशवीवाला करतो, वॉचमन करतो, समोरची शेजारीण करते. अकरापर्यंत दारातली पिशवी आत गेली नाही, तर कुणीतरी बेल वाजवतेच. उंच टॉवरांत, जिथे दूध ॲपवरून मागवले जाते आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहते ते ठाऊक नसते, तिथे हे जाळे विरळ होत चालले आहे. तिथे बटणाची गरज आहे आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही.

मग २०२० आले. विरंगुळा केंद्रांना कुलपे लागली, साठीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये असे बजावले गेले, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा लागल्या. खाली उतरायचे नाही, वर कुणी यायचे नाही. ज्यांना व्हिडिओ कॉल येत होता, त्यांचे दिवस गेले. ज्यांना येत नव्हता, त्यांनी भिंतीकडे पाहत काढले. संघांच्या सभा पडद्यावर भरू लागल्या, हास्यक्लबही पडद्यावर हसू लागले. एप्रिलमध्ये केंद्राने ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या तपासणी सुरू केली. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी कोविन संकेतस्थळावर. ओटीपी येईपर्यंत वेळ संपे, वेळ मिळे तोवर जागा भरे. सोसायटीतली कॉलेजची मुले त्या दिवसांत खाली टेबल टाकून आजी-आजोबांच्या नोंदण्या करत बसत, तेव्हा कामे झाली. यंत्राच्या शेजारी एक माणूस बसवला की यंत्र चालते, हे तेव्हा लख्ख दिसले. सिंगापूरने २०२० मध्येच हे धोरण म्हणून केले. मदतनीस नेमून वृद्धांना फोन शिकवण्यासाठी बाजारांत आणि वस्त्यांत बसवले. आपल्याकडे ते चांगल्या पोरांच्या भरवशावर राहिले.

आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या फारशी लक्षात येत नाही. शिकलेले टिकत नाही. मुंबई उपनगरी रेल्वेचे मोबाइल तिकीट डिसेंबर २०१४ मध्ये आले. गुडघेदुखीच्या माणसाला खिडकीपुढची रांग चुकली आणि नेरूळ-बेलापूरच्या कितीतरी ज्येष्ठांनी ते चिकाटीने आत्मसात केले. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ‘रेलवन’ हे नवे ॲप आणले. तरुणाला पाच मिनिटे पुरतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बटणांची जागा बदलली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. बँकांची ॲप तर वर्षादोनवर्षांनी कपडे बदलतात. अक्षर बारीक, रंग फिकट, परत जायचा बाण कुठे तरी कोपऱ्यात. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात ज्येष्ठांसाठी शाखेत वेगळी खिडकी ठेवायला आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच मूलभूत सेवा द्यायला बँकांना सांगितले आहे. तशी सेवा आपल्याला मागता येते, हे मात्र खूप पेन्शनरांना ठाऊकच नसते.

आणि भीती. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॅमेरा बंद करू नका, कुणाला सांगू नका, चौकशीसाठी पैसे या खात्यात भरा. एकटे राहणारे, आयुष्यभर कायदा पाळलेले, बऱ्यापैकी शिल्लक असलेले आणि पोलिसाचे नाव काढताच घाबरणारे निवृत्त लोक असे फोन करणाऱ्या टोळ्यांना हवे असतात. नवी मुंबईत असे लोक सेक्टरोसेक्टरी आहेत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोलून, कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही हे सांगितले. पैशाहून मोठे नुकसान पुढे होते. मुले घाबरून आईवडिलांचे यूपीआय बंद करतात, ओटीपी स्वतःच्या फोनवर वळवतात, एफडी मोडायला आपली परवानगी लावतात. मायेपोटी करतात, पण पंचवीस वर्षे घर चालवलेल्या बाईला दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी बंगळुरूच्या मुलाला फोन करावा लागतो. सुरक्षिततेच्या नावाखाली स्वावलंबन काढून घेण्याचा हा नवा प्रकार आहे आणि घरोघरी त्यावर मोकळेपणी बोलायला हवे. व्यवहाराची मर्यादा कमी करता येते. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवता येते. आईला काय झाले असते याची भीती दाखवण्यापेक्षा, असा फोन आला तर तो कट करायचा आणि मग आपल्याला सांगायचे, हे दोनदा करून दाखवले तर जास्त उपयोग होतो.

खाडीच्या अलीकडच्या काठावर, देवनारला, लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांचा आरोग्य, उत्पन्न, कुटुंब आणि एकटेपणा यांवर अभ्यास केला. ‘लासी’ नावाने तो ओळखला जातो आणि त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जायचे, अशी त्याची रचना आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, म्हणजे शंभरात आठ-नऊ. त्या वेळी नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाख २० हजार होती. एवढ्या बारकाईने मोजण्याची विद्या पूल ओलांडला की हाताशी आहे. मग नोडनिहाय, इमारतनिहाय पाहता येईल की बिनलिफ्टच्या घरांत एकटे ज्येष्ठ किती आहेत, कुणाकडे फोन आहे आणि कुणाकडे तो चालवून दाखवणारे माणूस आहे. जे शहर शाळेसाठी किती मुले येतील हे आधी मोजून वसवले गेले, त्याने आता हे मोजायला घ्यावे आणि पुनर्बांधणीच्या प्रत्येक प्रस्तावात लिफ्टइतकीच विरंगुळा केंद्राची जागा मागावी. त्या केंद्रात एक टेबल, एक जोडणी आणि पगारी मदतनीस असावा, स्वयंसेवकाच्या सवडीवर ते काम राहू नये.

वाचकांसाठी एवढे. घरात ऐंशीपुढचे केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर त्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नये. बोटाचा ठसा उमटत नसेल तर चेहऱ्याचा पर्याय मागावा. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच, लाज न बाळगता आणि दुसरा दिवस उजाडण्याआधी, १९३० वर फोन करावा. पहिल्या तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. निराधार ज्येष्ठ दिसले, छळ होत असेल, पेन्शनविषयी किंवा कायद्याविषयी काही विचारायचे असेल, तर केंद्र सरकारची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर रोज सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालू असते आणि हा फोन फुकट आहे. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आईवडिलांच्या फोनशेजारच्या भिंतीवर आजच चिकटवावेत.